गुडघ्यातली अक्कल

"म्या नाई हलवला," आजोबा म्हणाले. "आपसूक उडाला."

बारामतीचा मुक्काम आटोपून तुकोबांची पालखी दुपारच्याला काटेवाडीत विसावते. परीट समाजाची माणसं धोतरांच्या पायघड्या अंथरतात, आणि रथाभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. माझं माहेर काटेवाडीचं, दवाखाना बारामतीत. त्यामुळे त्या दिवशी एका मांडवात टेबल टाकून बसणं हे माझं दरवर्षीचं ठरलेलं काम. देहूहून निघून पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी असे मुक्काम मागे टाकून आलेले पाय माझ्यासमोर येतात. बहुतेकांना मलम, पट्टी आणि मीठ-साखरेचं पाणी पुरतं. परभणीकडच्या या आजोबांची तक्रार जरा वेगळी होती. उतार आला की उजवा गुडघा दगा देतो, म्हणाले. मी त्यांना टेबलावर बसवलं, पाय मोकळे सोडायला लावले आणि पिशवीतून रबरी हातोडी काढली.

गुडघ्याची वाटी बोटाने चाचपायची. तिच्या खाली, नडगीच्या वर, दोरीसारखा ताठ कंडरा लागतो. त्यावर हलका ठोका. डावा पाय लगेच पुढे उडाला. उजवा जागचा हलेना. पुन्हा ठोकलं, तरी नाही. मग मी त्यांना म्हटलं, "माउली, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवा आणि मी सांगेन तेव्हा जोर लावून ओढा." त्यांनी ओढलं, मी ठोकलं, आणि पाय असा उडाला की शेजारी बसलेल्या बाईंची पिशवी लवंडली. त्यावरचं त्यांचं ते वाक्य.

बोटं अडकवायची ही युक्ती एर्नो येंद्रासिक नावाच्या हंगेरियन डॉक्टरने १८८०च्या दशकात सांगितली. ओढण्यात मन गुंतलं की माणूस पाय नकळत आवळून धरायचं विसरतो. शिवाय हातांच्या त्या जोराने पायांकडच्या चेतापेशीही जास्त तत्पर होतात. उजवा पाय गप्प होता तो आजाराने नव्हे, आजोबांच्या सावधपणामुळे.

पण "म्या नाई हलवला" हे शब्दशः खरं होतं. मग कुणी हलवला?

आपल्याकडे एखाद्याला वेड्यात काढायचं तर त्याची अक्कल गुडघ्यात आहे असं म्हणतात. पत्ता थोडा चुकला आहे. ठोका बसतो तिथे काहीच ठरत नाही. कंडरा दबतो, आणि मांडीचा पुढचा मोठा स्नायू क्षणभर किंचित ताणला जातो. त्या स्नायूत काही मिलिमीटर लांबीचे ताण मोजणारे भाग शेकड्यांनी पेरलेले असतात. इंग्रजीत त्यांना स्पिंडल म्हणतात. मी लहान असताना काटेवाडीच्या माळावर धनगर म्हातारे मेंढरांमागे चालता चालता चातीवर लोकर कातत असत. स्पिंडल म्हणजे तीच चाती, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती. कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला पुस्तकातल्या आकृतीआधी ते म्हातारे आठवले.

या चातीला वेटोळे घालून बसलेला चेतातंतू ताण लागताच निरोप पाठवतो. निरोप मांडीतून वर जाऊन पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत शिरतो. गुडघ्याचं काम बघणारा तिथला भाग पाठीत शेवटच्या बरगड्यांच्या उंचीवर असतो. तिथे निरोप घेऊन आलेला तंतू हुकूम देणाऱ्या पेशीला थेट भेटतो. मध्ये कुणी कारकून नाही, टेबलावरून टेबलावर फाइल सरकणं नाही. एकच जोड, तो ओलांडायला सेकंदाचा हजारावा भागही पुरतो. हुकूम उलट मांडीच्या त्याच स्नायूत येतो, स्नायू आवळतो, पाय उडतो. ठोक्यापासून स्नायू जागा होईपर्यंत साधारण २० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. मेंदूलाही बातमी पोचते, पण पाय निघाल्यावर. आजोबांना आपला पाय उडालेला "दिसला", तो त्यामुळे.

यात मला सगळ्यात सुंदर वाटते ती गोष्ट मात्र मांडीच्या मागच्या बाजूला घडते. दोघे मिळून मोठी करवत चालवतात तेव्हा एकाने ओढताना दुसऱ्याने सोडावं लागतं. दोघांनीही ओढलं तर करवत अडकते. तसंच इथे. पुढच्या स्नायूला "आवळ" म्हणताना त्याच क्षणी मागच्या स्नायूला "सोड" म्हटलं जातं. हा दुसरा निरोप एका मध्यस्थ पेशीमार्फत जातो. ही जोडव्यवस्था चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं प्रयोग करून उलगडली. १९३२ साली चेतापेशींच्या कामाबद्दल त्याला एडगर एड्रियनबरोबर नोबेल मिळालं.

तव्याला हात लागला की झटकन मागे येतो, ती क्रिया गुडघ्याच्या या प्रतिक्षिप्त क्रियेची चुलत बहीण म्हणावी, सख्खी नव्हे. तिच्या वाटेत बऱ्याच पेशी असतात, म्हणून ती जरा मंद, आणि तिला दाबता येतं. माझी आजी तव्यावरची भाकरी हाताने उलटायची आणि चटका बसला तरी भाकरी टाकायची नाही. आणि रिंगणात एका मेंढराने उडी मारली की मागची सगळी तिथेच उडी मारतात, त्यालाही लोक प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. ती मुळीच नव्हे. तिथे डोळे आहेत, मेंदू आहे, शेजाऱ्याच्या मागे जाण्याची ओढ आहे. मेंढरू आपण समजतो तेवढं बिनडोक नसतं.

"पन ठोकल्यावर लाथ मारून काय उपेग?" आजोबांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. हातोडी मारून घ्यायला देवाने ही सोय केलेली नाही. उभं राहिल्यावर गुडघा जराही वाकू लागला की मांडीचा स्नायू ताणला जातो, चाती निरोप पाठवते, स्नायू आवळतो, आपण कोसळत नाही. उतारावर, डबक्याच्या काठावर, डोक्यावर तुळस घेऊन चालताना, ही देवघेव अखंड चालू असते आणि मेंदू तिला पावलागणिक कमीजास्त करत असतो. हातोडीचा ठोका म्हणजे मडकं घेताना मारलेली टिचकी. मडकं वाजवायला घेत नाही कुणी, पण तडा आहे का ते टिचकीवर कळतं.

ही टिचकी वैद्यकात आली १८७५ साली. हायडेलबर्गचा विल्हेल्म एर्ब आणि बर्लिनचा कार्ल वेस्टफाल, दोघांनी स्वतंत्रपणे, एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात ती मांडली. एर्ब म्हणाला ही मज्जारज्जूतून येणारी प्रतिक्रिया आहे. वेस्टफालला वाटलं स्नायू स्वतःच उसळतो. एर्बचं खरं निघालं. आधी डॉक्टर तळहाताच्या कडेनेही ठोकत. त्रिकोणी रबरी हातोडी अमेरिकेत १८८८ साली टेलर नावाच्या डॉक्टरने आणली. लांब दांड्याची, गोल चकतीची जी दुसरी हातोडी आम्ही वापरतो ती लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयातल्या विंटल नावाच्या नर्सने बनवली, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून ती जास्त आवडू लागली.

पाय उडाला म्हणजे सगळं ठीक, असं मात्र नाही. काही वर्षांपूर्वी एका घरी गेले होते. पक्षाघात होऊन चार आठवडे झालेले. मुलाने आनंदाने सांगितलं, डाव्या पायात जीव येतोय. मी ठोकलं, तर तो लुळा पाय उजव्यापेक्षा दुप्पट जोराने उडाला. घरातल्यांनी हात जोडले. आणि मला सांगावं लागलं की ही सुधारणा नाही. मेंदू एरवी या खालच्या यंत्रणेला लगाम लावून असतो. मेंदूतली वाट तुटली की लगाम सुटतो आणि पाय वाजवीपेक्षा जास्त उसळतो. ते बोलून झाल्यावर त्या घरात कुणी चहाचंही विचारलं नाही, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

उलट बाजूही आहे. आजोबांच्या आधी एक मावशी आल्या होत्या. तळपायाला मोठा फोड, पण दुखत नाही म्हणत होत्या. मी विचारलं, चप्पल कधी निसटते का? म्हणाल्या, "निसटली तरी कळत न्हाई, मागून कुनीतरी आनून देतं." हे वाक्य ऐकलं की मला साखर तपासायच्या आधीच अंदाज येतो. मधुमेहात सगळ्यात लांबचे तंतू आधी झिजतात, म्हणून घोट्यामागचा ठोका आधी हरवतो आणि गुडघ्याचा नंतर. वयानेही घोट्याचा ठोका मंदावतो, म्हणून एकट्या त्यावर निदान करत नाही. पण मावशींची साखर खरंच चढलेली होती. त्यांना अनवाणी चालायचं नाही आणि रोज रात्री तळपाय कुणाला तरी दाखवायचे एवढं पटवायला मला अर्धा तास लागला.

हातोडीची सगळ्यात जास्त आठवण झाली ती जानेवारी २०२५मध्ये. पुण्यात सिंहगड रोड परिसरात गियां-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. संशयितांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू मिळाला, आणि पाण्याकडे बोट गेलं. या आजारात जंतूविरुद्ध उठलेली आपलीच फौज चेतातंतूंच्या वेष्टनावर चाल करून जाते. निरोप अडतात, विस्कटतात, आणि गुडघ्याचा ठोका मावळतो. १९१६ साली गियां, बारे आणि स्ट्रोल या तिघांनी दोन फ्रेंच सैनिकांबद्दल लिहिलं, तेव्हाही हरवलेले ठोके हीच मोठी खूण होती. नावातून बिचारा स्ट्रोल गळाला. त्या महिन्यात बारामतीत ज्यांची मुलं पुण्याला शिकायला होती त्यांचे फोन रात्री अकरालाही यायचे. पायाला मुंग्या आल्या म्हणून आलेल्या प्रत्येकाचा गुडघा मी ठोकला. पाय उडाला की आई-बापांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

आजोबांचे दोन्ही ठोके सारखे होते. दगा देत होता तो झिजलेला सांधा. मी पट्टा दिला, उतारावर काठी वापरायला सांगितली. ते उठेनात. माझ्या हातातल्या हातोडीकडे बघत म्हणाले, "आता तुमचा बगू."

रांगेतली माणसं हसू लागली. मी टेबलावर बसून पाय सोडले. त्यांनी अगदी बरोबर जागी ठोकलं. पाय हलला नाही. पुन्हा ठोकलं. नाही. पस्तीस वर्षं लोकांचे गुडघे ठोकणाऱ्या बाईला स्वतःचा पाय सैल सोडता येईना.

"माउली," आजोबा म्हणाले, "बोटं अडकवा. अन् वढा."

बाहेर मेंढपाळांनी हाळी दिली, रिंगण सुरू होत होतं. मी तिकडे मान वळवली, बोटं ओढली, आणि माझा पाय टेबलाखालच्या औषधांच्या खोक्याला जाऊन लागला.