जुन्या संगणकास नवा पडदा

घरांतील वस्तु जुनी झाली म्हणजे ती टाकावी कीं डागडुजी करून वापरावी, हा वाद एकत्र कुटुंबांत नवा नाहीं. पूर्वीं तो शिवणयंत्रावरून किंवा भिंतीवरील घड्याळावरून होत असे. हल्लीं संगणकावरून होतो. २००१ सालीं एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि जामनेर तालुक्यांतील पहूरसारख्या गांवांतूनहि संगणक शिकण्याची हौस वाढली. त्या सुमारास घेतलेलें यंत्र कांहीं घरीं अद्यापि कोपऱ्यांत उभें आहे. शेतीचा जमाखर्च त्यांत आहे, आणि वडील माणसांनीं वर्षानुवर्षें जमविलेला कुलवृत्तान्तहि त्यांतच आहे. यंत्र चालतें; पडदा मात्र अंधारत चालला आहे. अशा वेळीं “सगळेंच नवें घेऊं” असें तरुण मंडळी म्हणतात. परंतु यूनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत लिहिलेला मजकूर नव्या यंत्रावर उघडला तर पुष्कळदां अक्षरांऐवजीं भलत्याच खुणा दिसतात. म्हणून तो मजकूर रूपांतरित होईपर्यंत जुनें यंत्र सांभाळणें हा कंजूषपणा नव्हे, तें शहाणपण आहे. अर्थात् पडदा अगदींच मावळण्यापूर्वीं सर्व मजकुराची एक प्रत पेनड्राइव्हवर उतरून ठेवावी, हें पहिलें कर्तव्य.

आतां पडद्याची निवड. दुकानांत जाण्यापूर्वीं यंत्राची मागील बाजू नीट पाहावी. तेथें तीन ओळींत पंधरा छिद्रें असलेली, बहुधा निळ्या रंगाची जागा दिसेल. ती व्हीजीए जोडणी होय. ही पद्धत १९८७ सालची आहे. शेजारीं पांढरी, रुंद जागा असल्यास ती डीव्हीआय. नव्या पडद्यांपैकीं कांहींना केवळ एचडीएमआय जोडणीच असते, आणि येथेंच गिऱ्हाईक फसतें. व्हीजीएमधून येणारा संदेश चढउताराच्या लहरींचा, तर एचडीएमआयचा अंकरूप. नुसती तार बदलून एकाचें दुसरें होत नाहीं. त्यासाठीं मध्यें रूपांतर करणारें छोटें उपकरण लागतें, आणि तेंहि “व्हीजीएकडून एचडीएमआयकडे” नेणारें असावें. उलट दिशेचें निरुपयोगी ठरतें. सरळ व्हीजीए जोडणी असलेला पडदा मिळत असेल तर तोच घ्यावा.

दुसरा प्रश्न मापाचा. आंखूड-रुंद पडद्यापेक्षां त्यावरील बिंदूंची संख्या महत्त्वाची. जुन्या कांचनळीच्या पडद्यास कोणतेंहि माप बरेंचसें मानवत असे. सपाट पडद्याचे बिंदु मात्र कायमचे ठरलेले असतात. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर यंत्र १०२४ गुणिले ७६८ चेंच चित्र पाठवूं लागलें, तर तें ताणलें जाऊन अक्षरें पुसट होतात. इंग्रजी अक्षर एक वेळ निभावून जाईल. देवनागरींत मात्र रफार, वेलांटी, अनुस्वार हीं सर्व बारीक कामें. एका टिंबानें ‘कस’चा ‘कंस’ होतो! जुन्या यंत्रांची चित्रव्यवस्था पुष्कळदां रुंद मापें ओळखत नाहीं. योग्य ड्रायव्हर घातल्यास कधीं काम भागतें, कधीं नाहीं. याकरितां १२८० गुणिले १०२४ बिंदूंचा, चौकोनी घडणीचा सपाट पडदा जुन्या यंत्रास बहुधा चांगला जुळतो. त्यांतहि सतरा इंचांपेक्षां एकोणीस इंची घ्यावा. बिंदु तितकेच राहून अक्षर मोठें दिसतें, आणि साठी उलटलेल्या डोळ्यांस तेंच हवें असतें. हे पडदे आतां बहुधा वापरलेलेच मिळतात. घेतांना एकदां संपूर्ण पांढरें व एकदां संपूर्ण काळें चित्र लावून मृत बिंदु, पिवळटपणा आणि कोपऱ्यांतील अंधार पाहावा.

विजेचा हिशेबहि मांडून पाहावा. कांचनळीचा सतरा इंची पडदा सुमारें ७५ वॅट खातो. लहानसा एलईडी पडदा २० वॅटांच्या आसपास. रोज चार तास काम धरलें तर महिन्यास ९ युनिटांऐवजीं २.४ युनिटें लागतील. वर्षाकांठीं जवळजवळ ८० युनिटांची बचत. शिवाय वीज अचानक गेली असतां त्याच बॅटरीवर यंत्र अधिक वेळ तग धरतें, व अर्धवट लिहिलेलें पान वांचतें. खानदेशांत वैशाखांतला पारा ४५ अंशांपर्यंत चढतो; पडदे मात्र सामान्यतः ४० अंशांपर्यंतच्या उष्म्यासाठीं केलेले असतात. म्हणून तो पश्चिमेच्या भिंतीस वा पत्र्याखालीं ठेवूं नये, आणि मागील झरोके झांकूं नयेत. धूळ पुसतांना कोरडें मऊ फडकें वापरावें. पाणी थेट शिंपडूं नये.

काढलेल्या जुन्या पडद्याचें काय करावें? तो घरीं उघडण्याचें धाडस कोणींहि करूं नये. चालू असतांना त्याच्या आंत वीस-पंचवीस हजार व्होल्टांचा दाब असतो, व बंद केल्यावरहि कांहीं काळ तो रेंगाळतो. त्याच्या कांचेंत शिसें असतें. उकिरड्यावर फोडलेला पडदा मातींत विष सोडतो. तो अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच द्यावा.

शेवटीं एक सूचना. जुन्या यंत्रावर विंडोज एक्सपी असल्यास तिची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजींच थांबली आहे, तेव्हां त्यास इंटरनेटपासून दूर ठेवावें. बँकेचीं कामें त्यावर करूं नयेत. त्यास लेखन-वाचनाचेंच काम द्यावें. आणि पडदा पसंत करण्यास, शक्य असेल तर, घरांतील वडील माणसास बरोबर न्यावें. नाहीं तर मराठी मजकुराचें एक पान दुकानांत उघडून नेहमींच्या अंतरावरून वाचून पाहावें. ज्यास त्यापुढें रोज बसावयाचें आहे, त्याला अनुस्वार न डोळे ताणतां दिसला, तर निवड योग्य झाली असें समजावें.