एकच नाट्यगृह, दोन बुकिंग: टक्कर कुठे थांबवायची?

समजा, वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहासाठी तुम्ही वेब कॅलेंडर बनवताय. एक बुकिंग १० ते १ आहे, दुसरं १२ ते ३ मागितलंय. टक्कर कशी ओळखाल? जेम्स ॲलन यांनी १९८३ मध्ये दोन कालखंडांमधले १३ संबंध मांडले, पण इथे एकच अट पुरते: प्रत्येकाची सुरुवात दुसऱ्याच्या शेवटाआधी असेल, तर टक्कर. १ ला संपणारं आणि १ ला सुरू होणारं बुकिंग मात्र शेजारी-शेजारी बसतं.

खरी गोम पुढे आहे. दोघांनी एकाच क्षणी ‘जागा आहे का?’ विचारलं, तर दोघांनाही ‘हो’ मिळतं आणि दोन्ही नोंदी आत जातात. मग एकाच पडद्यामागे दोन नाटक कंपन्या! म्हणून आधी तपासा, मग नोंदवा, एवढ्याने भागत नाही.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २०१० च्या ९.० आवृत्तीपासून एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट आहे, २०१२ च्या ९.२ पासून रेंज टाइप. ‘जागा तीच आणि वेळ एकमेकांवर, तर नोंद नको’ हा नियम टेबलवरच लावा. दुसरी नोंद डेटाबेसच नाकारतो. जागेचा क्रमांकही त्यात घ्यायला बीट्री-जिस्ट एक्स्टेंशन लागतं.

प्रबंधात ‘टक्कर होत नाही’ लिहिण्याआधी दोन कनेक्शनमधून एकाच वेळी नोंद घालून बघा. एकट्याने केलेली चाचणी इथे काहीच सिद्ध करत नाही.