बापाची गोळी, लेकाची गोळी

मागच्या आठवड्यात मिनॉक्सिडिलची गोष्ट सांगितली. रक्तदाबावरचं ते औषध डोक्याला चोळायच्या बाटलीत जाऊन बसलं. आजचं औषध, फिनास्टराइड, पोटात घ्यायचं आहे आणि त्याची कथा अधिक चमत्कारिक आहे. पासष्टीचे वडील आणि तिशीतला मुलगा एकाच घरात हे औषध घेत असतात, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो. वडिलांच्या पाकिटावर ५ मिलिग्रॅम लिहिलेलं, मुलाच्या १ मिलिग्रॅम. ब्रँड वेगळा, डॉक्टर वेगळे. वडील रात्री चारदा लघवीला उठतात म्हणून घेतात, मुलगा लग्न ठरायच्या आत केस वाचावेत म्हणून.

कथा सुरू होते कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिकन रिपब्लिक या देशात, सालिनास नावाच्या खेड्यात. तिथल्या काही घरांत मुली म्हणून जन्मलेली, मुली म्हणूनच वाढवलेली मुलं वयात येताना पुरुष होत. आवाज फुटे, दंड भरत, लिंग वाढे. गावाला त्याचं फारसं नवल नव्हतं. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी या घराण्यांचा अभ्यास करून १९७४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात कारण मांडलं. या मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं, पण त्याचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये, म्हणजे डीएचटीमध्ये, रूपांतर करणारं एन्झाइम जन्मतःच कमी होतं. गर्भात पुरुषाचे बाह्य अवयव घडवतं ते हे डीएचटी. वयात येतानाची बरीचशी कामं मात्र टेस्टोस्टेरॉन स्वतःच निभावून नेतं.

औषधशास्त्राच्या दृष्टीने खरी मेख पुढे होती. ही माणसं मोठी झाली तरी त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहानच राहिली, आणि त्यांना टक्कल पडलं नाही. मर्क या अमेरिकी कंपनीत संशोधनाची धुरा सांभाळणारे रॉय वॅगेलॉस यांच्या नजरेस ही गोष्ट आली. निसर्गाने या कुटुंबांत जे जन्मतः केलं, ते उतारवयातल्या पुरुषात गोळी देऊन करता येईल का? फिनास्टराइड हे त्या प्रश्नाचं उत्तर. अमेरिकेत १९९२ मध्ये प्रोस्टेटवाढीसाठी आणि १९९७ मध्ये टकलासाठी त्याला परवानगी मिळाली.

टक्कल आणि पुरुषी हार्मोन यांचा संबंध त्याआधी माहीत नव्हता असं नाही. जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्येच दाखवलं होतं की वयात येण्याआधी वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. मात्र त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं, की ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस गळू लागतात. गंमत अशी, की जे डीएचटी डोक्यावरचे केस बारीक करत नेतं, तेच दाढी दाट करतं. एकाच शरीरात हा दुजाभाव का, याचं मूळ त्या त्या जागच्या केसांच्या मुळांच्या घडणीत आहे.

फिनास्टराइड रक्तातलं डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी उतरवतं. वाढलेली प्रोस्टेट त्यामुळे आक्रसते, पण पाचव्या हिश्श्याच्या आसपासच, आणि त्याला सहा महिने तरी लागतात. ज्यांना आजच लघवी तुंबल्यासारखी वाटते, त्यांना डॉक्टर टॅमसुलोसिनसारखी गोळी देतात. ती ग्रंथीजवळचे स्नायू सैल करते, म्हणून काही दिवसांतच आराम पडतो. ग्रंथी मात्र तेवढीच राहते. मोठी ग्रंथी असलेल्यांना पुष्कळदा दोन्ही गोळ्या सोबत देतात, ते उगाच नाही. फिनास्टराइडचं खरं देणं दूरचं आहे. ३,०४० पुरुषांवर चार वर्षं चाललेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, लघवी पूर्ण अडण्याचा आणि ऑपरेशनची वेळ येण्याचा धोका निम्म्याहून अधिक घटला.

केसांच्या बाबतीत अपेक्षा आवरती ठेवावी. असलेले केस टिकतात, टाळूच्या मागच्या भागात थोडे दाटही होतात. गुळगुळीत झालेल्या जागी नवं रान उगवत नाही. गोळी बंद केली, की वर्षभरात कमावलेलं सगळं जातं.

आता दुष्परिणाम. जाहिराती ते झाकतात आणि मोबाइलवरचे व्हिडिओ भलतेच फुगवतात. ५ मिलिग्रॅमच्या चाचणीत पहिल्या वर्षी शंभरातल्या आठ जणांना लिंगताठरतेची तक्रार झाली. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत तीच तक्रार चौघांना होती. १ मिलिग्रॅमला प्रमाण याहून बरंच कमी आहे. बहुतेकांची तक्रार गोळी थांबवल्यावर जाते, काहींची मात्र नंतरही रेंगाळल्याच्या नोंदी आहेत. आत्महत्येचे विचार हा या औषधाचा दुष्परिणाम असल्याचं युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२५ मध्ये मान्य केलं. त्यामुळे मन उदास होऊ लागलं तर ‘केसांच्या गोळीने काय होणार’ म्हणून गप्प बसू नये. गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठावं.

पैसे वाचवायला काही तरुण वडिलांच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळीचे सुरीने चार तुकडे करून घेतात. घरात गरोदर बाई असेल तर हा उद्योग सरळ धोक्याचा आहे. चुरा तिच्या हाताला लागून औषध शरीरात गेलं, तर पोटातल्या मुलग्याच्या अवयवांची घडण बिघडू शकते. रक्तदानही गोळी थांबवल्यावर महिनाभर करू नये, कारण ते रक्त कुणाला जाईल ते सांगता येत नाही.

शेवटचा मुद्दा दवाखान्यात हमखास निसटतो. प्रोस्टेटच्या कर्करोगाचा माग काढायला पीएसए ही रक्ततपासणी करतात. फिनास्टराइड घेणाऱ्याचा पीएसए साधारण निम्म्यावर येतो, केसांसाठीच्या छोट्या मात्रेनेही. म्हणजे रिपोर्टवर २ आकडा दिसला तर तो ४ धरून वाचायला हवा. डॉक्टरांना गोळीची कल्पनाच नसेल, तर रिपोर्ट नॉर्मल म्हणून बाजूला पडतो. केसांची गोळी हे काही ‘औषध’ नव्हे, असं समजून पुरुष ती सांगतच नाहीत. तेव्हा पीएसएसाठी रक्त द्यायला जाल तेव्हा, वय कितीही असो, गोळीचं पाकीट खिशात घेऊन जा आणि डॉक्टरांपुढे ठेवा.