डेटाविना बोलून फोन लावणे
कळवणच्या डोंगरी शाळेत मूल अत्यवस्थ झाले, शिक्षकाचे हात गुंतलेले आहेत आणि डेटा संपला आहे, असा प्रसंग येऊ शकतो. अशा वेळी दोन कार्ये भिन्न मानावीत. फोन जोडण्यास डेटा लागत नाही. मनोऱ्याचे सिग्नल व चालू रिचार्ज पुरते. उच्चारलेले नाव ओळखण्याचे काम मात्र पुष्कळ फोन दूरच्या संगणकाकडे सोपवितात. त्या भाषेचा संच उपलब्ध असून तो वायफायवरून आधीच उतरवून ठेवला, तर अनेक फोन हे काम स्वतःच करतात. शिक्षकांनी सेटिंगमध्ये संच पाहावा आणि डेटा बंद करून नाव उच्चारून पाहावे. न साधल्यास १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक बोटांनी लावावा. तो मुलांकडूनही पाठ करून घ्यावा.