भिंगाचे ओझे आणि पाठीवरची पिशवी
हौसेला मोल नसते म्हणतात. पण वजन असते! 600 मिलिमीटरचे एफ/4 भिंग म्हणजे सुमारे दीड फूट लांबी आणि 3 किलोंहून अधिक भार. भिगवणला रोहित टिपायला निघालेल्या हौशी गृहस्थाने पिशवीचे कप्पे मोजू नयेत, कंबरपट्टा पाहावा. रुंद पट्टा खांद्यावरचा भार कमरेवर घेतो. भिंग कॅमेऱ्यासकट मावते का, हे दुकानातच घालून पाहावे. पाठीच्या बाजूने उघडणारी पिशवी चिखलात आडवी ठेवली, तरी खांद्याचे पट्टे स्वच्छ राहतात. विमानात हातातल्या सामानाला पुष्कळदा 7 किलोंचीच मुभा. भिंग 3, कॅमेरा 1 आणि रिकामी पिशवीच 3 किलोंची, तर दुर्बिणीला जागा कुठली? पक्षी क्षणभरच पंख पसरतो; त्या क्षणी हात उचलायला खांदे शिल्लक हवेत!