जुन्या बसचे दुकान : आधी बुक बघा, मग वेल्डिंग

कागल, शिरोळ, गडहिंग्लज या सीमेलगतच्या तालुक्यांतील तरुण शेतकऱ्यांच्या डोक्यात सध्या एक नवे खूळ शिरले आहे. खूळ म्हणतो ते कौतुकानेच. एखादी जुनी बस घ्यायची, आतली बाकडी काढायची, दोन्ही अंगाला फळ्या ठोकायच्या आणि आपला भाजीपाला, गूळ, ताक-दही घेऊन थेट गिऱ्हाइकाच्या दारात उभे राहायचे. दलाली नाही, हमाली नाही, तोलाई नाही. कोणाला त्यात चहा-भज्याचा गाळा काढायचा आहे, तर कोणाला कृषी पर्यटनासाठी दोन खाटांची खोली. टाळेबंदीत, २०२० साली एस.टी. महामंडळाने आपल्या जुन्या बस मालवाहू केल्या, हेही सर्वांनी पाहिले आहे. एस.टी.ला जमते ते आपल्याला का जमू नये, असा सरळ हिशेब.

पण महामंडळाकडे दापोडीसारख्या स्वतःच्या कार्यशाळा आहेत, अभियंते आहेत, कागद सांभाळणारी माणसे आहेत. आपल्याकडे गावातला वेल्डर असतो. तो हुशार असतो, नाही असे नाही. पण गाडीचे बुक काही तो वाचत नाही. त्यात निपाणी-चिक्कोडीकडे जुनी गाडी स्वस्त मिळते, असा आपल्या भागात पक्का समज आहे. मग के.ए. २३ची बस कोगनोळी नाका ओलांडून अलीकडे येते, आठवड्याभरात तिचे पोट फाडले जाते, आणि त्यानंतर आर.टी.ओ.च्या कचेरीचा रस्ता विचारायला लोक निघतात. नेमके हेच उलटे होते आहे.

एक कायदा, अनेक तक्ते

माझे खाते खत-बियाण्याचे. पण गावात गेल्यावर शेतकरी काय विचारील याला धरबंध नसतो, म्हणून हे कागद बसून वाचले. मोटार वाहन कायदा १९८८चा, तो सगळ्या देशाला एकच. एका राज्यात नोंदलेली गाडी देशभर नोंदलेली धरतात, आणि थर्ड पार्टी विमाही सगळीकडे चालतो. इथवर सीमेचा काही संबंध नाही. मात्र गाडीवरचा कर हा घटनेने राज्याच्या यादीत टाकला आहे. त्यामुळे महाराष्ट्राचा कर कायदा १९५८चा, कर्नाटकाचा १९५७चा, गोव्याचा १९७४चा, आणि प्रत्येकाचा तक्ता निराळा. आपल्याकडे प्रवासी बसचा कर आसने मोजून, मोठ्या मालगाडीचा वजनावर. कर्नाटकात काही खासगी बसगाड्यांना आतल्या जागेच्या चौरस मीटरवर. म्हणजे बाकडी काढली की एका तक्त्यात कराचा आधारच बदलतो, दुसऱ्यात कदाचित तेवढा फरक पडत नाही. परमिटचेही तसेच. एका राज्याने दिलेले परमिट दुसऱ्या राज्याने प्रतिस्वाक्षरी केल्याशिवाय, किंवा ते देशभर चालणाऱ्या प्रकारातले असल्याशिवाय, पलीकडे चालत नाही.

परराज्यातली गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर इथला नंबर घ्यावा लागतो. 'वर्षभर के.ए.वरच हाकू' असे म्हणणारे भेटतात. ही १२ महिन्यांची सवलत नंबरापुरती आहे. कराचा हिशेब त्या-त्या राज्याच्या कायद्याने वेगळा होतो. शिवाय गाडी विकत घेतली असेल तर मालकी बदलाची मुदत निराळीच चालू होते. घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत आपल्या भागातल्या नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते. विकणाऱ्याला दुसऱ्या राज्यात गाडी दिल्यास ४५ दिवस. बी.एच. मालिकेचा नंबर मिळेल का, असेही एकाने विचारले. तो २०२१ला आला खरा, पण धंद्याच्या गाडीला नाही.

ना हरकत दाखला, म्हणजे लोक ज्याला एन.ओ.सी. म्हणतात तो, मूळ कचेरीतून नमुना २८ वर निघतो. कर थकलेला, बँकेचा बोजा उतरलेला नाही, दंडाच्या पावत्या लोंबकळत आहेत, असे काही असेल तर तिथेच अडते. म्हणून इसार देण्याआधी बुकावरचा चॅसिस नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर पेन्सिलने कागदावर उतरवून ताडून पाहावा. बैल घेताना दात बघतो, तसेच हे. मूळ राज्यात कर आगाऊ भरलेला असेल तर उरलेला परत मागता येतो. तो आपण होऊन कोणी आणून देत नाही.

बुकात 'बस', रस्त्यावर दुकान

आता मुख्य गाठ. कायद्याचे ५२वे कलम सांगते की, बनवणाऱ्या कंपनीने जे वर्णन दिले आणि बुकात जे लिहिले, त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. 'दर बदलामागे' हे शब्द नीट वाचा. छपरावर टाकी एक, बाजूला पाडलेली खिडकी दोन, मागची वाढवलेली शिडी तीन.

मग बदल करताच येत नाही का? येतो, पण परवानगी आधी, काम मागून, आणि झालेला बदल ठरल्या मुदतीत बुकावर चढवून घ्यायचा. बसच्या बुकावर दुसरा बॉडी प्रकार चढेल की नाही, हे नोंदणी अधिकारी कागद आणि गाडी बघून ठरवतो, आणि इथे कचेरीगणिक, राज्यागणिक निकाल वेगळा पडू शकतो. शेजारच्या राज्यात कोणाला परवानगी मिळाली म्हणून आपल्याला मिळेलच, असे धरून चालू नका. लेखी अर्ज द्या, लेखी उत्तर घ्या. फिरते उपाहारगृह, फिरता दवाखाना, फिरती कार्यशाळा यांची नावे केंद्राच्या नोव्हेंबर २००४च्या यादीत परिवहन वाहनांमध्ये आहेत. म्हणजे अशी गाडी घरची मोटार नव्हे, तिला फिटनेस लागते. आठ वर्षांपुढची गाडी असली की ती दरवर्षी. आत झोपायची सोय करून रस्त्यावर फिरवायची असेल तर तो कॅराव्हॅन. त्याला ए.आय.एस. १२४ हे वेगळे मानक आहे. २०२१ साली राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले म्हणून गावातल्या पत्र्याच्या शेडमध्ये कॅराव्हॅन तयार होत नाही.

हे नियम निव्वळ कागदी नाहीत. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली आणि २५ माणसे गेली. गाडी दाराच्या अंगावर पडली होती. दुकानासाठी बस बदलताना पहिले काय होते? संकटकाळी बाहेर पडायच्या खिडकीवर प्लायवूड ठोकतात आणि त्यापुढे कपाट उभे करतात, कारण तिथेच जागा सलग मिळते. आत गॅसची टाकी आणि एकच दार. शिवाय बाकडी काढली की वजन घटले असे वाटते. पण पाण्याची टाकी, लोखंडी मांडणी, क्रेट भरले की वजन वर चढते आणि वळणावर गाडी कलते. आंबोली घाटात ते कळून उपयोग नाही.

विम्याचे कागद

शिरोळ तालुक्यातल्या एका गटाची सहा-सात पोरे मध्यंतरी कचेरीत आली होती. बस ठरवलेली, इसार दिलेला. 'सायेब, इन्शुरन्स तर हाय की, आजून सात म्हैने!' मी म्हटले, आणा बघू. पॉलिसी पलीकडच्या मालकाच्या नावची, वर्ग प्रवासी बस, आसने चाळीसच्या वर. यांच्या गाडीत आसने राहणार होती तीन. ती पॉलिसी मोडक्या छत्रीसारखी होती. हातात आहे, पण पाऊस अडेल याची खात्री नाही.

यातली खोच अशी. गाडीची मालकी बदलली की थर्ड पार्टीपुरता विमा नव्या मालकाकडे आपोआप गेल्याचे कायदा मानतो, आणि १४ दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचे असते. पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग असा आपोआप जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ते स्पष्ट केले आहे. म्हणजे बस जळाली, उलटली, आत लाखाची मांडणी होती, तर नाव न बदललेल्या मालकाच्या हातात काही पडत नाही. मांडणीची किंमतही पॉलिसीत वेगळी लिहून घ्यावी लागते. फिरती दुकाने आणि उपाहारगृहे विम्यात 'इतर व खास प्रकारची वाहने' या वर्गात मोडतात, प्रवासी बसच्या नव्हे. थर्ड पार्टीचा हप्ता केंद्र सरकार ठरवते, तो निपाणीत आणि कोल्हापुरात एकच. बाकीच्या भागाचा हप्ता कंपनीवर असतो. मात्र कंपनी वर्ग ठरवते तो बुक बघून. बुकात बस आणि रस्त्यावर दुकान, असे असेल तर दाव्याच्या वेळी हाच फरक ते पुढे करणार.

आणि दावा आपल्या गाडीचाच असतो असे नाही. गाडीखाली माणूस गेला, तर भरपाईला वरची मर्यादा नाही. मयत कमावता असेल तर रक्कम लाखांत जाते. परमिट किंवा लायसन्सचा दोष निघाला तर अनेक प्रकरणांत न्यायाधिकरण कंपनीला म्हणते, तुम्ही वारसांना द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. ही वसुली कशी होते? कायद्याच्या १७४व्या कलमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला जातो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. शेतकऱ्याला यापेक्षा जास्त सांगायला नको. धंदा बसचा, पण बोजा सातबाऱ्यावर.

म्हणून गटाने गाडी कोणाच्या नावावर घ्यायची, हा प्रश्न हलक्यात घेऊ नये. बहुतेक ठिकाणी ज्याच्याकडे कागद असतात किंवा जो पुढे पळतो त्याच्या नावावर गाडी चढते, बाकीचे भागीदार तोंडी. अपघात झाला की तोंडी भागीदार शेतात निघून जातात. शेतकरी उत्पादक कंपनी नोंदलेली असेल तर गाडी आणि विमा दोन्ही कंपनीच्या नावावर घ्या. २०१८च्या निकालानुसार गाडी प्रत्यक्ष कोणाच्याही ताब्यात असो, बुकावर ज्याचे नाव तो जबाबदार. हे घेणाऱ्याइतकेच विकणाऱ्यालाही लागू आहे. आपला जुना टेम्पो स्टँप पेपरवर विकून मोकळे झालेल्यांनी यावर जरा विचार करावा.

चालकाचेही बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची परिवहन गाडी चालवता येते, असे सांगितले. मिनी बस त्यात बसू शकते. मोठी बस बसत नाही, तिला जड वाहनाचे लायसन्स हवे. गटातला जो पोरगा ट्रॅक्टर झकास चालवतो, तो इथे उपयोगाचा नाही.

माझे मत

सीमेपलीकडची गाडी घ्यायचीच असेल तर आहे तशी, बाकड्यांसकट आणा. आधी ना हरकत, मग इथली मालकी आणि इथला नंबर, मग बदलाचा अर्ज, उत्तर आल्यावर वेल्डर. ज्या कचेरीत दरसाल फिटनेसला उभे राहायचे आहे तिच्याच नजरेखालून बदल गेलेला बरा. पलीकडेच बदल करून आणाल आणि तो बुकावर चढलेला नसेल, तर गाडी आणि बुक यांचा मेळ बसत नाही, आणि ना तिकडचे पुढे सरकते ना इकडचे. बदल झाल्या दिवशी विमा कंपनीला लेखी कळवा, पोच घ्या.

एस.टी.च्या जुन्या गाडीवर डोळा असेल तर तो विचार सोडा. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या १५ वर्षे झालेल्या गाड्यांची नोंदणी संपुष्टात येते आणि त्या नोंदणीकृत भंगार केंद्रात जातात. पुन्हा नंबर मिळत नाही.

त्या शिरोळच्या पोरांना मी पेटीची बॉडी असलेल्या लहान मालवाहू गाडीचा हिशेब करून दिला. बुकात मालवाहू, रस्त्यावर मालवाहू, ठरल्या जागी उभे राहून मागचे दार उघडून विक्री. दिसायला बसइतकी झोकदार नाही. एकाने तोंड वाकडे केलेच.

ज्यांना बस फिरवायची नाही, रानातच उभी करून पाहुण्यांना खोली द्यायची आहे, त्यांचे काम पुष्कळ सोपे. पुण्यात २०१६ पासून जुन्या बसची महिलांसाठी स्वच्छतागृहे केली, ती अशीच एका जागी उभी. पण तिथेही एक गोष्ट राहून जाते. गाडी बंद आहे अशी लेखी सूचना आर.टी.ओ.ला आगाऊ दिली नाही, तर चाके काढून विटांवर ठेवलेल्या बसचा करही चढत राहतो. गाडी कायमची बाद केली असेल तर १४ दिवसांत तसे कळवून बुक जमा करायचे आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद सातबाऱ्याच्या फाइलीत लावून ठेवायचा.