घरात माणूस ठेवताना

आमच्या शेजारी, रेवदंड्याच्या बाजूला, एक आजी राहतात. वय ऐंशीच्या पुढे. मुलगे मुंबईला, मुलगी ठाण्याला. मागे एका पावसाळ्यात आजी न्हाणीत घसरून पडल्या. मांडीचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, आजी घरी आल्या. आता रात्रंदिवस जवळ राहणारे कुणीतरी हवे. मुलांनी आम्हाला गळ घातली, आणि आम्ही म्हसळ्याकडची एक बाई आणून दिली.

बोलणे किती झाले म्हणता? दारात उभ्याउभ्या चार वाक्ये.

"राहशील ना?"

"राहते."

"किती घेशील?"

"द्याल ते."

झाले! आम्हाला वाटले, काम फत्ते.

बाई आजींसाठी आली होती. पण महिन्याभरात ती वाडीतल्या सुपाऱ्या वेचू लागली. शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे खोल्यांत उतरत, त्यांची भांडी, त्यांच्या चादरी तिच्याच गळ्यात. रात्री आजींच्या हाका. पगार हातात आला तो तिच्या मनातल्या आकड्याहून कमी. त्यातून तोंड उघडून कुणी बोलले नव्हते, म्हणून भांडायलाही जागा नाही. गणपतीच्या दोन दिवस आधी तिने कपडे बांधले आणि ती गेली. मुलांची गाडी वडखळच्या गर्दीत अडकली. ती रात्र आजींनी एकट्याने काढली. पाण्याचा तांब्या हाताला लागत नव्हता.

लोक म्हणाले, बाई दगाबाज. आम्ही तसे म्हणत नाही. गणपतीला कोकणातला माणूस घरी जाणार, हे आम्हाला ठाऊक नव्हते का? विचारायचे आम्हीच विसरलो.

दुसऱ्या खेपेला आम्ही शहाणे झालो. दुसरी बाई आली, तेव्हा तिला ओटीवर बसवले, चहा दिला. तिच्याबरोबर तिचा भाऊ होता, त्यालाही बसवून घेतले. बाई नव्या घरात राहायला येते, तेव्हा भीती दोन्हीकडे असते. आपल्याला वाटते, ही घर सांभाळील ना? तिला वाटते, हे लोक रात्री कसे वागतील? आपले माणूस शेजारी असले की तिला मोकळे बोलता येते.

"स्वयंपाक येतो का, आजारी माणसाचं करशील का," असे विचारून काही कळत नाही. सगळे जण हो म्हणतात. त्यापेक्षा आजींजवळ न्यावे आणि म्हणावे, "यांना उठवून बसवा पाहू." हात कुठे घालते, आधी आजींना सांगते की एकदम ओढते, हे डोळ्यांना दिसते. ही बाई आधी आजींशी बोलली. "कुठला पाय दुखतो, आजी?" म्हणाली. आमचे निम्मे काम तिथेच झाले. आधी कुणाकडे होती ते विचारले, आणि त्या घरी फोन करून खात्री केली. आधार कार्डाची झेरॉक्स घेतली. मूळ कार्ड मात्र तिचे तिच्याजवळ. काही घरांतून बाईचे कार्ड कपाटात कुलूप लावून ठेवतात. ते चूक आहे.

मग काम किती, ते सांगितले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. म्हणजे ही बाई रात्री दोनदा-तीनदा उठणार. मग तिने झोपावे कधी? दुपारी दोन तास तिला कुणी हाक मारायची नाही, असे ठरले. पाहुण्यांची भांडी तिच्याकडे नाहीत. वाडीचे काम नाही. करून घ्यायचे तर त्याचे पैसे वेगळे.

झोपायची जागा दाखवली. दाराला आतून कडी आहे की नाही, हे तिच्या भावाने स्वतः पाहिले. आम्हाला जरा राग आला, पण त्याचे बरोबर होते. आपली बहीण कुठे ठेवतो आहोत, हे भाऊ पाहणारच.

जेवणाचेही बोलून घ्यावे. घरात मासे शिजत नसतील तर तसे आधी सांगावे. आणि एक गोष्ट कडू आहे, पण सांगतो. काही घरांत बाईची कपबशी वेगळी, ताट वेगळे. याच आपल्या जिल्ह्यात, महाडला, 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पुढे 1955 साली अस्पृश्यता पाळणे हा कायद्याने गुन्हा ठरला. तरी कपबशी वेगळी ठेवायची? जिच्या हातून आई औषध घेते, तिचीच?

उचलीचे नीट समजून घ्या. बाईला नड असते, ती आगाऊ पैसे मागते. द्यावे, आणि दरमहा किती कापायचे ते लिहावे. पण "उचल फिटल्याशिवाय जायचं नाही" असे कुणाला अडवता येत नाही. आपल्याकडच्या कातकरी बांधवांना वीटभट्टीवर या उचलीने किती बांधून घातले, ते आपण जाणतो. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 चा आहे.

आपल्यातल्या कुणाची बहीण-लेक मुंबईला घरकामाला राहणार असेल, तर तिच्या बाजूनेही हेच सारे विचारावे. मूल असेल तर मात्र पाठवूच नये. चौदा वर्षांखालच्या मुलाला घरकामाला ठेवायला 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. कुठे तसे मूल दिसले तर 1098 या नंबरवर फोन करावा. पैसे पडत नाहीत. घरात कुणी अंगचटीला आले तर 2013 च्या कायद्याखाली घरकाम करणारी बाईही तक्रार करू शकते. अशा तक्रारीसाठी जिल्ह्यात समिती असते.

घरकामगारांसाठी आपल्या राज्याने 2008 साली कल्याण मंडळाचा कायदा केला. अठरा पुरी झालेल्या आणि साठीच्या आतल्या बाईला त्यात नाव नोंदवता येते. त्यासाठी ती कामाला असल्याचा दाखला घरमालकाने द्यायचा असतो. दाखला द्यायला पुष्कळ जण कांकूं करतात. अहो, सही करायला काय जाते? हे सगळे बायांना फुकट मिळालेले नाही. पुण्याच्या मोलकरणींनी 1980 साली संप केला, तेव्हापासून पगार आणि रजा हे शब्द त्यांच्या कामाला लागू होऊ लागले. 2011 साली जिनिव्हाला साऱ्या देशांच्या कामगार परिषदेत ठराव झाला, त्यात आठवड्याला सलग चोवीस तास सुटी सांगितली आहे. आपल्या देशाने त्याच्या बाजूने मत दिले. पण तो कायद्याने आपल्यावर बांधून घेतलेला नाही. आम्ही मात्र रविवार ठरवला. त्या दिवशी मुलगी ठाण्याहून येते.

शेवटी वहीच्या पानावर सगळे लिहून काढले. काम कोणते, झोप कधी, पगार किती आणि कोणत्या तारखेला, सुटी कोणती, आजारी पडली तर औषध कुणी द्यायचे, काम सोडायचे किंवा सोडवायचे तर दोघांनी एक महिना आधी सांगायचे. दोन प्रती केल्या. थोरल्या मुलाने सही केली आणि शाईची डबी बाईपुढे सरकवली.

"आंगठा कशाला?" ती म्हणाली. "सही येते मला. पण आधी वाचते."

तिने बोट ठेवून एकेक ओळ वाचली. वेळ लागला. चहा गार झाला. सुटीच्या ओळीवर तिचे बोट थांबले.

"गणपतीचे पाच दिवस लिहिलेत. मग शिमगा कुठाय?"

थोरल्याने पेन उघडले आणि दोन्ही कागदांवर शिमग्याचे दोन दिवस लिहिले.